उचलीचा हिशेब

दिवाळी आटोपली, सोयाबीन बाजारात गेले, की धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या गावांत मुकादमांच्या फेऱ्या वाढतात. मेळघाटातली बहुतेक शेती पावसावरची, एका हंगामाची. त्यानंतर होळीपर्यंत गावात हाताला पुरेसे काम नसते, आणि होळीला मात्र कोरकू माणूस कुठेही असला तरी घरी येतोच. मधल्या महिन्यांत कुणी परतवाड्याकडे उतरतो, कुणी अकोट-दर्यापूरच्या कपाशीच्या पट्ट्यात, कुणी अकोल्याच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर, तर कुणी पलीकडे बुऱ्हाणपूरला. यात लाजण्यासारखे काही नाही. कामासाठी गाव सोडणे हा माणसाचा हक्क आहे आणि बहुतेक जण जातात, कमावतात, परत येतात. हा लेख उरलेल्यांसाठी आहे. म्हणजे जे जातात आणि ज्यांना मनात आले तेव्हा परत येता येत नाही, त्यांच्यासाठी. आणि त्यांच्या गावातल्या शिक्षक, आशा, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, सरपंच यांच्यासाठी. शिवाय ज्यांच्या शेतावर, भट्टीवर किंवा मिलमध्ये ही माणसे कामाला येतात, त्यांनीही तो वाचावा.

मानवी तस्करी म्हटले की सिनेमातले चित्र डोळ्यांसमोर येते: अंधारात थांबलेली गाडी, तोंडावर रुमाल, पळवून नेलेली मुलगी. असे घडतही असेल. पण मजुरांची तस्करी बहुतेक वेळा दिवसाढवळ्या होते, चहा पिऊन होते, आणि नेणारा ओळखीचा असतो. गावातलाच, नात्यातला, गेल्या वर्षी स्वतः त्याच भट्टीवर राबलेला. तो धमकावत नाही. तो म्हणतो, "घे ना बाप्पा, पैशाले काय होते. पोराचा दवाखाना पाह्य पयले, काम काय, करजो सवडीनं." माणूस स्वतःच्या पायांनी गाडीत चढतो. पुढे काही बिघडले की पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येतो, "तुम्ही स्वतःहूनच गेले होते ना?" आणि तिथेच प्रकरण मिटते.

हा प्रश्न कायद्याला धरून नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ (जुने भारतीय दंड संहितेचे कलम ३७०) तीन गोष्टी पाहते. माणसाला कामाला लावले, नेले, ठेवले किंवा दुसऱ्याच्या हवाली केले का. त्यासाठी धमकी, बळजबरी, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा पैशाचे आमिष वापरले का. आणि हेतू शोषणाचा होता का. त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे की, असा गुन्हा ठरवताना पीडिताची संमती विचारात घेतली जाणार नाही. शिक्षा सात ते दहा वर्षे. एकापेक्षा जास्त माणसे असतील तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. म्हणून 'स्वतःहून गेला' हे कळल्यावर चौकशी थांबवायची नसते. त्याला काय सांगून नेले आणि तिथे प्रत्यक्षात काय झाले, हे विचारायचे असते.

आता उचल. वीटभट्टी असो की ऊसतोड, सगळा व्यवहार उचलीवर उभा आहे. उचल म्हणजे आगाऊ मजुरी. आगाऊ मजुरी देणे-घेणे हा गुन्हा नाही आणि प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी, असेही मी म्हणणार नाही. बँक ज्याला उभे करत नाही, त्याला दवाखान्यासाठी एका रात्रीत पन्नास हजार देणारा मुकादमच असतो, हे नाकारून कसे चालेल? पण ती उचल फिटते कशी, हे कागदावर मांडून पाहिले पाहिजे. मी समजण्यापुरते आकडे घेतो. तुम्ही तुमच्या भट्टीचे घाला.

समजा, नवरा-बायकोने ५०,००० रुपये उचलले. हंगाम २४ आठवड्यांचा, आठवड्याला सहा दिवस काम, म्हणजे १४४ दिवस. त्यातले २४ दिवस अवकाळी पाऊस, ताप, मयत यांत गेले, उरले १२०. दोघे मिळून दिवसाला ८०० विटा पाडतात, झाल्या ९६,०००. मालकाने शेकडा पाच 'फूट' धरली, म्हणजे ४,८०० विटा वजा. उरलेल्या ९१,२०० विटांचे हजारी ७०० रुपयांनी ६३,८४० रुपये होतात. दर आठवड्याला बाजारासाठी १,५०० रुपये खर्ची घेतली, तिचे झाले ३६,०००. हातात राहिले २७,८४०. उचल ५०,००० ची. म्हणजे सहा महिने मातीत राबून जोडप्याच्या अंगावर २२,१६० रुपये बाकी, आणि तीच पुढच्या वर्षाच्या उचलीची सुरुवात. यात मालकाने एक रुपयाही खोटा लिहिलेला नाही, हे लक्षात घ्या. खोटे लिहिले तर काय होईल, ते वेगळेच.

त्याच हिशेबात आणखी एक आकडा दडलेला आहे. ६३,८४० ला १२० दिवसांनी भागा, ५३२ रुपये; दोन माणसांत २६६. हा दर त्या कामाच्या सरकारी किमान वेतनाशी ताडून पाहा. चालू दर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळतो. हे ताडणे का महत्त्वाचे? १९८२ साली दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत माणूस राबतो तेव्हा ते राज्यघटनेच्या कलम २३ ने बंदी घातलेले सक्तीचे श्रम ठरतात. बळजबरी फक्त काठीची नसते; भूक आणि नाइलाज यांचीही असते, असे न्यायमूर्ती भगवती यांनी त्या निकालात मांडले. या निकालाला चार दशके उलटली, तरी भट्टीवर तो पोहोचलेला दिसत नाही.

मग उचल केव्हा बेडी होते? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या श्रमाची अकरा लक्षणे सांगितली आहेत. ती सगळी पाठ करण्याची गरज नाही. मजुराला एकट्यात गाठून एवढेच विचारा: आज दुपारी काम सोडून घरी जायचे ठरवले तर काय होईल? 'आजपर्यंतची मजुरी घेऊन जाईन' असे उत्तर आले, तर व्यवहार वाईट असेल, पण माणूस मोकळा आहे. 'पैसे फेड अन् मंग जाय म्हणतात', 'बायकोले ठेवून जा म्हणतात', 'आधार त्यांच्याजवळ हाय', 'मागच्या खेपेस गेला त्याले गाडी घेऊन आणला' असे उत्तर आले, तर ती वेठबिगारी आहे. तिथे मारहाण होते की नाही, जेवण बरे मिळते की नाही, मालक दिवाळीला कपडे देतो की नाही, हे सगळे नंतरचे.

काही खुणा बाहेरूनही दिसतात. आठवडी बाजाराला घरातले एकच माणूस येते आणि त्याच्यासोबत मुकादमाचा माणूस असतो. हिशेबाची वही मजुराकडे नसते, फक्त मालकाकडे असते. फोनवर बोलताना स्पीकर सुरू ठेवायला लावतात. मेळघाटातल्या आतल्या गावांत रेंज नसते, त्यामुळे फोन न लागणे ही स्वतंत्र खूण नव्हे. होळी मात्र खरी खूण आहे. घरातली म्हातारी माणसे वाट पाहत आहेत, सोबत गेलेली टोळी परतली आणि एकच कुटुंब आले नाही, तर 'येतील पुढच्या आठवड्यात' म्हणून सोडून देऊ नका. परत आलेल्यांना त्याच दिवशी विचारा.

कोण अडकते, याचे सोपे उत्तर 'गरीब आणि अडाणी' असे दिले जाते. ते अपुरे आहे. गावातली सगळीच कुटुंबे गरीब असतात, पण अडकतात त्यातली काहीच. फरक बहुधा एका घटनेचा असतो: बाळंतपण बिघडले, बैल मेला, पोरीचे लग्न ठरले, गारपीट झाली. दलालाला गरीब माणूस नको असतो, अडलेला हवा असतो, आणि कोण केव्हा अडले आहे हे त्याला तलाठ्यापेक्षा आधी कळते. त्यात अंतर आणि भाषा यांची भर पडते. घाट उतरून शंभर-दीडशे किलोमीटरवर गेलेल्या कोरकू बाईला मराठीत तक्रार नीट मांडता येत नाही. परराज्यात गेली तर तेवढाही आधार नाही. एकट्या बाईला आणि विधवेला 'जोडी नाही' म्हणून दर कमी आणि धोका जास्त.

मुले आणखी वेगळ्या वाटेने जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात उभाडे इथल्या दहा वर्षांच्या एका कातकरी मुलीच्या मृत्यूनंतर उघड झाले की, त्या भागातली मुले काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती. आईबापांनी मुले विकली, असे मथळे तेव्हा आले. मला ते मथळे पटले नाहीत. 'पोटाला खाईल, दोन पैसे येतील, मोठा झाला की परत येईल' असे सांगूनच पोर नेले जाते आणि घरात खायला नसताना ते खरे वाटते. जनावरांमागे, धाब्यावर, 'शिवणकाम शिकवतो' म्हणून शहरातल्या घरकामाला मूल नेण्याची पद्धत आपल्या अमरावती-अकोल्यालाही अनोळखी नाही. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवणे हाही. आणि बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७९ नुसार मुलाला कामासाठी बांधून ठेवणाऱ्याला किंवा त्याची कमाई दाबून ठेवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. भीक मागायला लावणेही आता कलम १४३ खाली शोषणात मोडते. पण इथे एक सावधगिरी हवी. इथल्या सिग्नलवर फासेपारधी मुले दिसली की लगेच 'टोळी'चा संशय घेऊ नये. या मुलांच्या भिकेमागे बहुधा घरचीच उपासमार असते आणि त्यावरचे उत्तर शाळा हे आहे. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी 'प्रश्नचिन्ह' आश्रमशाळा काढली ती याच मुलांसाठी.

जून २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यात ढोकी पोलिसांनी ११ मजुरांची सुटका केली. विहिरी खोदण्यासाठी त्यांना ठेवले होते. दिवसभर विहिरीत काम आणि रात्री पायांत साखळ्या. एक जण निसटून हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या गावी पोहोचला, म्हणून हे बाहेर आले. हिंगोली म्हणजे आपल्या वाशिमचा शेजार. अशा प्रकरणांत अडकणारी माणसे पाहा: घरातून भांडून निघालेला, दारूच्या नादी लागलेला, स्टेशनवर किंवा मजुरांच्या नाक्यावर एकटा बसलेला पुरुष. त्याच्या हरवण्याची तक्रार कुणी देत नाही, कारण 'तो असाच जातो-येतो'. अकोला जंक्शन, बडनेरा, मूर्तिजापूर या स्थानकांवर असे पुरुष रोज दिसतात. आपल्या कल्पनेतला पीडित बाई किंवा मूल असतो. तिशी-चाळिशीचा दारुडा गडी त्या कल्पनेत बसत नाही, आणि दलाल नेमका तोच हेरतो.

शिकलेला तरुण सुटला, असेही समजू नये. थायलंडमध्ये 'डेटा एंट्री'ची नोकरी, राहणे-जेवण फुकट, असे सांगून नेलेली पोरे म्यानमारच्या सीमेवरच्या कोंडवाड्यांत ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपली गेली. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या मे सोतहून परत आणावे लागले. परदेशी नोकरीचे कोणी सांगितले तर त्या एजंटचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेले आहे का, ते आधी पाहा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच घेता येते. पर्यटक व्हिसावर नोकरी नसते, हे ध्यानात ठेवले तरी निम्मे दलाल गळतील.

आता जरा आपल्या स्वतःच्या अंगणात. वऱ्हाडातून माणसे जातात तशी वऱ्हाडात येतातही. वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांत मध्य प्रदेशातले मजूर, अकोल्याच्या डाळ मिलमध्ये आणि रस्त्यांच्या कामांवर बाहेरच्या राज्यांतली पोरे, गावाबाहेरच्या भट्टीवर मेळघाटातली कुटुंबे. गावातला सालदार तर घरचाच. गुढीपाडव्याला साल ठरते, धान्य ठरते, उचल दिली जाते. बहुतेक ठिकाणी हे दोन्ही बाजूंनी निभावले जाते. पण सालदाराला 'मागची बाकी फेडल्याशिवाय दुसऱ्याकडे लागायचे नाही' असे बजावले, किंवा बाप मेल्यावर त्याच्या बाकीपोटी पोराला लावून घेतले, तर ती परंपरा राहत नाही. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ खालचा गुन्हा होतो. 'आमच्याकडे असले काही नाही' म्हणणाऱ्या शेतकरी वाचकाने आपल्या सालदाराला 'आज काम सोडले तर काय होईल' हा वरचा प्रश्न विचारून पाहावा. आणि उत्तर खरे मिळेल अशा जागी विचारावा.

मालकांची बाजूही आहे. उचल घेऊन पळालेल्या टोळ्या असतात. मुकादम बुडतात. कित्येक मुकादम स्वतः भट्टीमालकाच्या किंवा कारखान्याच्या कर्जात असतात आणि वरचा दाब खाली ढकलतात. पैसे बुडाले तर दिवाणी दाव्याचा रस्ता खुला आहे. माणूस अडवून, बायको ठेवून घेऊन, पोरगा उचलून आणून वसुली करण्याचा रस्ता मात्र २५ ऑक्टोबर १९७५ पासून बंद आहे; १९७६ चा हा कायदा त्या आधीच्या तारखेपासूनच लागू मानला आहे.

जायचे ठरलेच आहे तर काय करावे? उचल गरजेपुरतीच घ्या आणि शक्य असेल तर बँक खात्यावर घ्या, म्हणजे किती घेतली यावर पुढे वाद होत नाही. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर किंवा कोऱ्या चेकवर सही-अंगठा देऊ नका. त्यासाठी मुकादम अडून बसला, तर त्याचा हेतू त्याने स्वतःच सांगितला असे समजा. मूळ आधार कार्ड कुणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या. ते ठेवून घेण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला नाही. कुठे जातो, ते 'अकोल्याकडे' एवढेच कळून उपयोग नाही. भट्टीमालकाचे नाव, गाव, तालुका, हजारी दर, फूट किती धरणार, खर्ची किती, जाण्या-येण्याचे भाडे कुणाचे, हे चार माणसांसमोर विचारा आणि फोनवर बोलणे रेकॉर्ड करून ठेवा. स्वतःची वही ठेवा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारे पोर लिहील. तेही नसेल तर मालकाच्या वहीच्या पानाचा आठवड्याला एक फोटो काढून घरी पाठवा. घरच्यांशी एखादा साधा शब्द ठरवून ठेवा. 'काळी गाय व्याली का' असे विचारले की घरच्यांनी समजायचे, काहीतरी बिघडले आहे.

पोरांना सोबत नेणार असाल तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्या. ते दाखवून नव्या गावच्या शाळेत बसता येते. मूल भट्टीवर रिकामे असले की ते विटा उलटायला लागते, हे सांगायला नको. रेशन आता कोणत्याही गावी, कोणत्याही राज्यात उचलता येते. किराण्यासाठी मालकाच्या दुकानावर अवलंबून राहणे तेवढे कमी होते, आणि खर्चीचा आकडा तिथेच फुगतो. गरोदर बाई असेल तर अंगणवाडीत कळवून जावे.

अडकल्याचे कळले तर पहिली चूक होते ती रागात. चार पोरे गाडी करून भट्टीवर धडकतात, बाचाबाची होते, आणि रात्रीतून मजूर दुसरीकडे हलवले जातात. मुकादमाला फोन करून 'आमची माणसे सोडा' म्हणणे ही दुसरी चूक. त्यामुळे त्याला पुरावा पुसायला वेळ मिळतो. आधी माहिती गोळा करा: किती माणसे, त्यांची नावे, वये, केव्हापासून, किती उचल, कोण घेऊन गेले, गाडीचा नंबर, ठिकाणाचे लोकेशन. मग लेखी अर्ज जिल्हाधिकारी आणि उपविभागीय अधिकारी यांना करा, प्रत पोलीस अधीक्षकांना द्या. वेठबिगारीच्या प्रकरणात खरा अधिकार महसूल यंत्रणेचा आहे. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समिती असणे कायद्याने बंधनकारक आहे. मेळघाटासाठी उपविभागीय अधिकारी धारणीला बसतात. तिथेच आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालयही आहे. अर्जात 'मजुरी थकली' एवढेच लिहू नका, तो कामगार कार्यालयाचा वाद होऊन बसतो. 'उचलीपोटी अडवून ठेवले आहे, जाऊ देत नाहीत, वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ प्रमाणे चौकशी करून मुक्त करावे' असे स्पष्ट लिहा. मजूर अनुसूचित जाती-जमातीचे असतील तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचाही उल्लेख करा. त्या समाजाच्या माणसाकडून वेठ घेणे हा त्यात वेगळा गुन्हा आहे.

जीव धोक्यात असेल तर ११२ लावा. मूल असेल तर १०९८, रेल्वेत काही दिसले तर १३९. पोलीस 'हा पैशाचा व्यवहार आहे' म्हणून परत पाठवतील, ही शक्यता धरून चला. गुन्हा कर्नाटकात घडला असला तरी धारणीच्या ठाण्यात तक्रार नोंदवता येते; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने हद्दीची सबब काढून टाकली आहे. ठाण्यात घेतली नाही तर अधीक्षकांना लेखी द्या. वकिलाच्या खर्चाची चिंता करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तस्करीच्या आणि वेठबिगारीच्या पीडिताला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. मदतीचा क्रमांक १५१००.

चौकशीला अधिकारी आले की एक गोष्ट आग्रहाने मागा: जबाब मालकापासून दूर, एकेकट्याचा, आणि कोरकू बोलणाऱ्याचा कोरकूत. मालक दहा पावलांवर उभा असताना 'तुम्हाला काही त्रास आहे का' असे विचारले, तर कोण हो म्हणेल? मग अहवालात लिहिले जाते, 'मजुरांची काही तक्रार नाही.' वेठबिगारीच्या कायद्यात पुराव्याचा भारही मालकावर आहे: मजुराने कर्ज वेठबिगारीचे असल्याचे सांगितले, तर ते तसे नाही हे धन्याने सिद्ध करायचे असते. हे कलम १५ अधिकाऱ्यांनाही कधीकधी आठवण करून द्यावे लागते.

मात्र संशय आणि पुरावा यांतला फरकही राखला पाहिजे. मे २०२३ मध्ये आपल्याच लोहमार्गावर, भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर, बिहारमधून महाराष्ट्रातल्या मदरशांत निघालेली ५९ मुले गाडीतून उतरवली गेली. सोबतचे पाच शिक्षक तस्करीच्या आरोपाखाली तुरुंगात गेले. पुढे २०२४ मध्ये गैरसमजातून कारवाई झाल्याचे सांगून पोलिसांनी प्रकरण बंद केले. तोवर मुलांनी कित्येक दिवस निवाऱ्यात काढले होते. टोपी, भाषा, कळकट कपडे यांवरून तस्करी ओळखता येत नाही. मुलाला विचारा कुठे चालला, सोबतचा कोण, घरचा फोन लागतो का. उत्तरे जुळत नसतील तर बालकल्याण समितीला कळवा आणि बाकीचे त्यांच्यावर सोडा. गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून 'मुले पळवणारी टोळी' असे लिहिणाऱ्याने आजवर कुणाला वाचवलेले नाही. निरपराध माणसे मात्र त्यातून मारली गेली आहेत.

सुटका झाली की गाडी करून मजुरांना घरी सोडले आणि विषय संपला, असे फार वेळा होते. सुटका झालेल्या प्रत्येकाच्या हातात मुक्तता प्रमाणपत्र पडल्याशिवाय जागा सोडू नका. पुढचे सगळे त्या एका कागदावर अवलंबून आहे. वेठबिगारांच्या पुनर्वसन योजनेतून तत्काळ मदत म्हणून ३०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळते, तिला खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. पूर्ण पुनर्वसनाची रक्कम प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, आणि लैंगिक शोषण, तस्करी, अपंगत्व अशा अतिबिकट प्रकरणांत तीन लाख आहे. पण ती मुख्यतः दोषसिद्धीशी जोडलेली आहे. योजनेतली ही अट मला अन्यायाची वाटते. मालकाविरुद्धचा खटला रेंगाळला किंवा तपास ढिला झाला, तर त्याची किंमत मजुराने का मोजावी? ती अट आहे तोवर निदान खटल्याच्या तारखांना मजूर हजर राहील, एवढे गावाने पाहावे. बस भाड्याअभावी मजूर साक्षीला गेला नाही, तर खटला तिथेच ढिला पडतो.

आणि सुटल्यानंतर साधारण महिन्याभरात मुकादम दारात येतो. 'सरकारचे पैसे आले ना, माझी बाकी दे.' त्याला एक पैसाही द्यायचा नाही. वेठबिगारीचे कर्ज कायद्यानेच रद्द झालेले आहे आणि रद्द झालेल्या कर्जापोटी पैसे स्वीकारणे हाच गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्या कर्जासाठी राहत्या झोपडीतून कुणाला काढताही येत नाही. हे त्याला दारातच, शेजाऱ्यांसमोर सांगा. तो कोणत्या तारखेला आला आणि काय म्हणाला, ते लिहून ठेवा.

पुढच्या दिवाळीपूर्वी ग्रामपंचायतीने करावे असे काम छोटे आहे. एक साधी नोंदवही घ्या. कोण जाते, कुणासोबत, कुठे, किती उचल, सोबत किती मुले, मुकादमाचा फोन, गाडीचा नंबर, केव्हा परतणार. हंगामी स्थलांतरितांच्या नोंदीची सरकारी ऑनलाइन प्रणालीही आहे. तिची सुरुवात २०२१ मध्ये ज्या मोजक्या जिल्ह्यांत झाली, त्यांत अमरावती होता. तरीही कागदाची वही ठेवाच, कारण नेटवर्क नसले तरी ती उघडते. गाडी निघताना पोलीस पाटलाने किंवा रोजगार सेवकाने मुकादमासमोरच नोंद घ्यावी आणि त्याची सही घ्यावी. रोजगार हमीच्या कामाची मागणी करणारे अर्जही त्याच आठवड्यात भरून घ्यावेत आणि त्यांची तारीख घातलेली पोच मागून घ्यावी.